खाज सुटली म्हणजे भरतंय?

परवा विरारहून माझी भाची आली. दारात चप्पल काढतानाच तिने तोंडावरची ओढणी सोडली आणि म्हणाली, "मावशी, हसायचं नाही हं." हसू कसलं येणार! डाव्या नाकपुडीभोवती रुपयाएवढा लालबुंद चट्टा, त्यावर बारीक बारीक पाण्याच्या पुटकुळ्या, आणि या सगळ्याच्या मधोमध एक खड्याची चमकी ऐटीत लुकलुकत होती. बोलता बोलता पोरीचा हात सारखा नाकाकडे जात होता. मी दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा गप्प बसले. खाजेचा त्रास खाजणाऱ्यालाच ठाऊक.

डिसेंबरमध्ये तिचं लग्न आहे. नथ घालायची तर खरीच घालायची, म्हणून मे महिन्याच्या अखेरीला सोनाराकडे जाऊन नाक टोचून घेतलं. आता श्रावण लागला तरी नाकाची ही अवस्था. मी विचारलं, "घरी काय म्हणतात?" तर म्हणाली, "आजी म्हणते, खाज सुटली म्हणजे भरतंय. जरा सोस."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. कान टोचल्यावर, टाके पडल्यावर, गुडघा फुटल्यावर, बाळंतपणानंतर, कधी ना कधी प्रत्येकीला कुणीतरी हे ऐकवलेलं असतं. मला या वाक्याबद्दलच आज बोलायचंय. कारण ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य पुरत्या खोट्यापेक्षा जास्त त्रास देतं.

आधी खरा अर्धा भाग. नाक किंवा कान टोचतात तेव्हा कातडीला आरपार एक बोगदा पडतो. शरीर त्या बोगद्याला आतून नवी कातडी लावायला घेतं. ही नवी कातडी दोन्ही टोकांकडून आत सरकत जाते. या कामात जखमेजवळच्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, आणि डास चावल्यावर खाजवतं तेही याच हिस्टामिनमुळे. शिवाय भोकाच्या तोंडाशी थोडी पांढरट-पिवळसर लस येते, ती वाळून खपली धरते आणि कातडी ताणली जाते. म्हणून हलकी, मधूनमधून येणारी, भोकापुरती खाज असेल, सूज वाढत नसेल, दुखणं दिवसेंदिवस कमी होत असेल, तर आजीचं खरं. भरतंय.

पण या बोगद्याची एक गंमत आहे. बाहेरची दोन्ही तोंडं आधी बरी दिसायला लागतात आणि मधला भाग मात्र कच्चाच असतो. कानाची मऊ पाळी भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नाकपुडीला चार-सहा महिने धरून चालावं. कानाच्या वरच्या कडक भागाला सहा महिन्यांपासून वर्षभरसुद्धा. आणि आपण काय करतो? पंधरा-वीस दिवसांत दुखायचं थांबलं की सोनाराची तार काढून हौसेची चमकी अडकवतो. माझ्या भाचीने नेमकं तेच केलं होतं.

तिला मी एकच प्रश्न विचारला. "खाज सुरू कधी झाली?" ती विचार करून म्हणाली, "चमकी बदलली ना, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी." दोन महिन्यांत आईने, आजीने, शेजारच्या काकूंनी, ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला दहा उपाय सांगितले, पण हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तिने स्वतःलाही नाही.

चमकी कुठून घेतली होती? लेडीज डब्यातून. आमच्याकडे विरार लोकलने रोज जाणाऱ्या बायकांचं अर्धं बाजारहाट गाडीतच होतं. केसांच्या पिना, टिकल्या, मोज्यांपासून निवडलेल्या भाजीपर्यंत. पुठ्ठ्यावर टोचलेल्या चमक्यांची रांग घेऊन ती बाई नायगाव-भाईंदरच्या मधे डब्यात फिरते, खाडीच्या पुलावरचा वारा खात आपण एक निवडतो, दहाची नोट काढून देतो. मला त्या विकणाऱ्या बाईबद्दल काहीही तक्रार करायची नाही. तिला तरी कुठे माहीत असतं त्या पुठ्ठ्यावर काय टोचलंय! तो धातू कुठला, हे त्या साखळीत कुणी कुणाला सांगतच नाही, माझं म्हणणं तिथे आहे.

तर बहुधा तो धातू असतो निकेल, किंवा निकेल मिसळलेलं काहीतरी. स्वस्त दागिन्याच्या पितळेवर चकाकी यावी, वरचा सोनेरी-रुपेरी मुलामा नीट बसावा, म्हणून खाली निकेलचा थर देतात. आपण ज्याला 'एक ग्रॅम सोन्याचं' म्हणतो, ऑक्सिडाइज्ड म्हणतो, त्यातल्या पुष्कळ वस्तूंची तीच कथा. बोटात अंगठी म्हणून ते घातलं तर कातडीची भिंत मधे असते. पण न भरलेल्या भोकात घातलं की घाम, लस यांच्यात ते निकेल थोडं थोडं विरघळतं आणि थेट कच्च्या मांसाला लागतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखतात आणि, खरी मेख इथे आहे, ती ओळख त्या जन्मभर विसरत नाहीत.

म्हणून या खाजेला मी साधी खाज मानायला तयार नाही. एकदा निकेलचं वावडं जडलं की पुढे ते नाकापुरतं राहत नाही. जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ चट्टा उठतो. घड्याळाच्या पट्ट्याखाली उठतो. ब्लाउजच्या हुकाखाली उठतो. आपण बायका बांगडीत सेफ्टी पिन अडकवून ठेवतो ना, तिथे मनगटावर उठतो. जगभर पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे वावडं जास्त आढळतं, आणि त्याचं मुख्य कारण बायकांची नाजूक कातडी वगैरे काही नाही. आपले कान टोचलेले असतात, हे कारण. माझ्या भाचीला मी विचारलं तेव्हा आठवलं, कॉलेजात असताना खोटी कानातली घातली की तिचे कान चिघळायचे, म्हणून तिने ती घालायची सोडली होती. म्हणजे वावडं तेव्हाच जडलेलं. नाकाने फक्त आठवण करून दिली, तीही दोन दिवसांत.

आता ओळखायचं कसं? पुस्तकी तक्ता मी देत नाही, कारण शरीर तक्ता पाहून वागत नाही. पण ढोबळ सांगते. वावड्याची खाज सतत असते, अगदी रात्री झोपेतून उठवणारी. लाली भोकापुरती न राहता आजूबाजूला पसरते, बारीक पुटकुळ्या येतात, पाणी सुटतं, मग कातडी कोरडी होऊन सालं निघतात. दुखणं त्या मानाने कमी. उलट जंतूंनी पिकलं असेल तर खाजेपेक्षा ठणका जास्त, जागा हाताला गरम लागते, सूज टणक होते, दाट पिवळा-हिरवट पू येतो, वास येतो, कधी ताप भरतो. ती वाळलेली पांढरट लस म्हणजे पू नव्हे, त्याने घाबरू नये. तिसरी एक खाज असते, ती महिन्यांनी येते. भोकाशी कातडीचा टणक गोळा वाढायला लागतो, मूळ जखमेपेक्षा मोठा होत जातो आणि खाजतो. त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या कातडीला त्याचा धोका जास्त, आणि घरात आई-बहिणीला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. त्यावर घरगुती उपाय नाही. कापून टाकला तर आणखी मोठा होऊन परत येऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडेच जायचं.

या तिन्हींना आपल्याकडे एकच वाक्य लावतात. सोस, भरतंय.

भाचीने या दोन महिन्यांत नाकाला काय काय लावलं त्याची यादी ऐकून मी कपाळाला हात लावला. खोबरेल तेलात हळद. मग डेटॉल, न पातळ करता. मग टूथपेस्ट! मग घरातलं जखमेचं मलम. मग एका मेडिकलवाल्याने दिलेली खाजेची ट्यूब. शेवटच्या ट्यूबने चार दिवस जादू झाली, लाली गेली, खाज गेली. पाचव्या दिवशी लावायची थांबवली तर दुपटीने परत. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते खाजेचा आवाज बंद करतं, पण खाजेचं कारण, म्हणजे ती चमकी, नाकातच असते. वर कातडी पातळ होते आणि जंतू असतील तर त्यांना मोकळं रान. या गैरवापरामुळेच २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडची लावायची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे. आपणही चिठ्ठीशिवाय मागू नये. आणि प्रत्येक जखमेला फासायचं ते घरातलं मलम? अशा काही मलमांतलं निओमायसिन हे औषध स्वतःच अनेकांना खाज आणतं. म्हणजे आगीवर पाणी समजून ओतलं आणि बाटलीत रॉकेल निघालं.

हळदीबद्दल लिहिलं की पत्रं येतात, म्हणून आधीच सांगते, माझं हळदीशी भांडण नाही. पण डब्यातली, चमचा बुडवून बुडवून वापरलेली हळद, त्यात तेल, आणि ते मिश्रण एका उघड्या भोकात? तेलाने भोक बुजतं, धूळ चिकटते, घाण आत राहते. पावसाळ्यात आमच्या वसईत दारावरच्या फडताळाला बुरशी येते, तर त्या लेपाचं काय होत असेल!

पण आपल्या आज्या सगळ्याच बाबतींत चुकल्या असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. उलट काही गोष्टी त्या आपल्यापेक्षा शहाणपणाने करत होत्या. माझ्या लहानपणी वसईच्या गावांतून म्हाताऱ्या बायकांचे कान पाळीपासून पार वरपर्यंत टोचलेले दिसायचे. टोचायचं सोनार, तेही शुद्ध सोन्याच्या तारेने, आणि तार निघायची ती भोक पुरतं भरल्यावर. सोनं परवडत नसेल तिथे कानात कडुनिंबाची काडी. ती काडी काही जंतुविरहित नव्हती, त्याने कान पिकायचेही. पण त्या काडीत निकेल नव्हतं! 'पावसात टोचू नको, पिकेल, थंडीत टोच' हेही आज्याच सांगायच्या. दमट हवेत जखम ओलसर राहते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आज्यांच्याही आज्यांचं ऐकायचं तर सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर एक अध्यायच आहे. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की टोचावं, मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा आधी, भोकात वात घालावी, दर तीन दिवसांनी थोडी जाड वात घालावी, अशा बारीक सूचना त्यात आहेत. त्यातली मला आवडलेली सूचना वेगळी आहे. सुई वाईट असेल, वात फार जाड झाली असेल किंवा भलत्याच जागी टोचलं गेलं असेल आणि त्यामुळे सूज-वेदना झाली, तर वात लगेच काढून टाका, लेप लावा, जखम पूर्ण भरू द्या आणि मग पुन्हा टोचा, असं तिथे सांगितलंय. इतक्या जुन्या ग्रंथाला जे कळलं, ते आपल्याला कळायला काय हरकत आहे? सोसा असं सुश्रुत म्हणत नाहीत. 'सोस' ही भर मधल्या काळात आपण घातली, आणि ती फक्त बायकांच्या वाट्याला.

हो, वाट्याला बायकांच्याच. घरातल्या पुरुषाला दाढीनंतर पुरळ आलं तर ब्लेड बदललं जातं. पोरीचं नाक चिघळलं तर 'सगळ्यांचं होतं असं' म्हणून विषय संपतो. टोचणं म्हणजे दुखणं, दुखणं म्हणजे बाईपण, असा काहीतरी हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. भाचीची आजी, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, प्रेमळ बाई आहे. तिने स्वतः नाक टोचलं तेव्हा महिनाभर उशी ओली व्हायची म्हणे, कुणी विचारलं नाही. म्हणून तीही विचारत नाही.

बाहेरच्या देशांत यावर काय झालं ते सांगितलंच पाहिजे. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटलेलं चालेल यावर बंधन घातलं. पुढे तिथल्या शाळकरी मुलींची तपासणी झाली. नियमाआधी कान टोचलेल्या मुलींमध्ये निकेलचं वावडं सुमारे १७ टक्के होतं, नियमानंतर टोचलेल्यांमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास. मुली त्याच, हौस तीच, फक्त कानातला धातू बदलला. १९९४ साली युरोपीय संघानेही तसाच नियम केला, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या कांडीसाठी तर तो जास्तच कडक आहे. आपल्याकडे नाकातल्या-कानातल्याच्या पाकिटावर 'निकेल किती' असं लिहिलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते लिहितात, आणि जी वस्तू थेट मांसात घालायची तिच्यावर खड्याचा रंग आणि किंमत!

"मग सोन्याचीच घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला," असं म्हणाल तर त्यातही एक खोच आहे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला त्यातून सूट आहे. आणि नाकातली चमकी दोन ग्रॅमची असते का? तिचं वजन गुंजेत मोजावं लागतं. म्हणजे शरीराच्या सगळ्यात कच्च्या जागी जाणारा दागिना नेमका शिक्क्यावाचून मिळतो. यावर उपाय आपल्या तोंडात आहे. विचारायचं. "किती कॅरट? कांडी कशाची, फिरकी कशाची?" कारण फूल बावीस कॅरटचं आणि मागची फिरकी कसल्याशा मिश्र धातूची, असंही असतं. बिलावर कॅरट लिहून मागायचं. पांढरं सोनं घेत असाल तर आणखी जपून, ते पांढरं करायला काही वेळा निकेलच वापरतात. बावीस कॅरटच्या पिवळ्या सोन्यात भर असते ती सहसा तांब्या-चांदीची. सोनं नको असेल तर शरीरात बसवायच्या सांध्यांना वापरतात त्या दर्जाचं टायटॅनियम मिळतं, आता ऑनलाइनही येतं. 'सर्जिकल स्टील' या नावाला मात्र भुलू नका. त्यातही निकेल असतं. ते सुटतं कमी, म्हणून पुष्कळजणींना चालून जातं, पण ज्यांना वावडं जडलंय त्यांनी त्या भरवशावर राहू नये.

कानाच्या वरच्या कडेला टोचण्याची आता पोरींमध्ये फार फॅशन आहे. पार्लरवाल्या त्याला हेलिक्स म्हणतात. अगं, ही तर आपली बुगडीची जागा! पण बुगडी सोनार हाताने, धारदार तारेने टोचायचा, आणि आता कित्येक ठिकाणी बंदूक लावून खाट्कन मारतात. मऊ पाळीचं एक वेळ ठीक. वरच्या कडक भागाला, ज्याला कूर्चा म्हणतात, त्याला बंदुकीचा बोथट दट्ट्या चिरडतो. कूर्चेला रक्तपुरवठा स्वतःचा नसतो, त्यामुळे तिथे जंतू शिरले तर शरीराची फौज पोचायला उशीर होतो, आणि कानाचा आकार कायमचा आक्रसू शकतो. बंदुकीचं प्लॅस्टिक वाफेने नीट निर्जंतुकही करता येत नाही. म्हणून नाकाला आणि वरच्या कानाला बंदूक नकोच. एकदाच वापरायची, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली सुई हवी. आणि वरच्या कानाला ठणका, गरमपणा, लालभडक सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टर. यात 'उद्या बघू' नाही. पिकलेलं असताना चमकी-बाळी आपल्या हाताने काढूनही टाकू नका, भोक बाहेरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

साध्या, भरणाऱ्या खाजेचं काय करायचं? फार थोडं करायचं, हीच त्यातली अवघड गोष्ट. मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते, नॉर्मल सलाइन म्हणायचं, महाग नसते. तिच्या पाण्यात स्वच्छ गॉज भिजवून दिवसातून दोनदा भोकाशी चार-पाच मिनिटं धरायचा. खपली मऊ होऊन आपोआप सुटते, नखाने काढायची नाही. मग कोरड्या गॉजने किंवा टिश्यूने हलकेच टिपायचं. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. बाटली नसेल तर पाव चमचा साधं मीठ पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात. जास्त मीठ घालून जास्त गुण येत नाही, उलट कातडी कोरडी पडून खाज वाढते. आमच्याकडे अजूनही कित्येक सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं, तेव्हा उकळणं सोडू नका. आणि 'मीठच हवं ना' म्हणून राजोडीच्या नाही तर अर्नाळ्याच्या समुद्रात डुंबणं नको, रिसॉर्टच्या तलावात तर नकोच नको.

तार फिरवत राहायची नाही. हे आपल्या कानावर बसलेल्या सल्ल्याच्या उलट आहे, मला ठाऊक आहे, मलाही आईने रोज फिरवायला लावली होती. पण फिरवताना खपली आत ओढली जाते आणि आतली कोवळी कातडी रोज नव्याने फाटते. खाज फारच आली तर बर्फाचा तुकडा स्वच्छ रुमालात गुंडाळून भोकाच्या बाजूला धरा, थेट भोकावर नाही. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून. पावडर, केसांचं तेल, मेंदी-डाय, शाम्पूचा फेस यांपासून ती जागा जपा. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदला. आणि लोकलवाल्यांनो, धुळीसाठी ओढणी नाकावर घट्ट आवळता ना, ती रोज धुतलेली असू द्या. भाचीची ओढणी आठवड्याची होती, तिनेच कबूल केलं.

मधुमेह असेल तर टोचण्याआधी साखर आटोक्यात आहे ना ते बघा, जखम भरायला वेळ लागतो. धनुर्वाताची लस झालीय का तेही. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, आपली मात्र कधी झाली ते आपल्याला आठवत नाही. बारशाला बाराव्या दिवशी कान टोचण्याबद्दल मी इथे लिहीत बसत नाही, तो वेगळा वाद आहे. बाळाच्या पहिल्या लसी होऊ द्या, एवढंच.

तर भाचीला घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत चमकी काढायला लावली. जंतू नव्हते, वावडंच होतं. लावायला औषध दिलं, किती दिवस लावायचं ते आकड्यात लिहून दिलं, आणि लग्नानंतर सवडीने पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करून घे म्हणाले. त्यात वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस पाठीवर ठेवतात आणि कशाने कातडी लाल झाली ते बघतात, मग आयुष्यभर कशापासून दूर राहायचं ते कळतं. भोक बुजेल, बुजू दे, पुन्हा टोचायचं तर पूर्ण बरं झाल्यावर, आणि डिसेंबरच्या आत मुळीच नाही.

घरी हे सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. "नवरीचं नाक मोकळं?" बहीण रडवेली झाली. आजी काही बोलली नाही, पण तिचं न बोलणंही ऐकू येतं. मी म्हटलं, दाबाची नथ असते की, प्रेसची. तर म्हणे लोक काय म्हणतील, खोटी नथ घातली. मला खरंच कळत नाही, नथीचा खरेपणा भोकावर ठरतो का? लग्नाच्या तारखेआधी महिना-पंधरा दिवस नाक टोचून, कच्च्या भोकात भरजरी नथ ओढून, फोटोत हसणाऱ्या किती नवऱ्या मी पाहिल्यात. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं आणि सगळे समजतात माहेर सुटतंय म्हणून. ज्यांना खरीच नथ घालायची आहे त्यांनी साखरपुडा झाल्या झाल्या टोचावं, निदान सहा महिने हातात ठेवून, आणि तार बदलायची घाई करू नये. ते जमलं नाही तर दाबाची घालावी. यात कमीपणा कुणाला वाटत असेल त्याने आधी स्वतःचं नाक टोचून बघावं.

शेवटी आजीच म्हणाली, "माझी मोडा आणि तिला दाबाची करा." तिची लग्नातली नथ, कपाटात किती वर्षं होती कोण जाणे. गेल्या रविवारी आम्ही तिघी सोनाराकडे गेलो. मोती तेच ठेवायचे, तार बदलायची ठरली. भाचीने विचारलं, "काका, दाब कशाचा बसवणार? तोही बावीसचाच हवा, आणि बिलावर लिहून द्या." सोनारकाकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. "दाब एवढासा असतो गं, त्याचं काय लिहायचं?" आजी म्हणाली, "लिहा. पोरीला खाज येते."